मधुमेही मूल सज्ञान होते तेव्हा

(जागतिक मधुमेह दिनानिमित्त शेगाव येथे मधुमेही तरुण-तरुणींच्या पालकांपुढे एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



मी वैद्यकशास्त्राचा जाणकार नाही. कला शाखेचा पदवीधर आणि शासनाच्या माहिती खात्यातील एक अधिकारी, एवढीच माझी ओळख. शासनाच्या योजना लोकांपर्यंत पोहोचविणे हे माझे काम असल्यामुळे आरोग्यविषयक सभांतून मी पुष्कळदा बोललो आहे. परंतु आज आपल्यापुढे उभा आहे तो अधिकारी म्हणून थोडा आणि एका मधुमेही मुलीचा बाप म्हणून अधिक. माझी मुलगी २२ वर्षांची आहे. वयाच्या अकराव्या वर्षी तिला मधुमेह जडला. या भाषणात तिचीही हकीकत येणार आहे. मसुदा मी तिला आधी वाचून दाखविला. त्यातली दोन वाक्ये तिने खोडली, ती मी वगळली आहेत. उरलेले तिच्या संमतीने सांगत आहे.

मधुमेहावरील व्याख्यानांत आहार, व्यायाम आणि तपासणी यांची चर्चा नेहमीच होते. आज मला बोलायचे आहे ते ज्या गोष्टीची चर्चा होत नाही तिच्याविषयी. घरातला मुलगा किंवा मुलगी कर्तीसवरती झाली आहे, इन्शुलिन कसे घ्यावयाचे हे तिला आपल्यापेक्षा उत्तम ठाऊक आहे, तरीही ती ते घेत नाही, कमी घेते, किंवा कोणाच्या नकळत जास्त घेते. अशा वेळी आईवडिलांनी काय करावे? लहान मुलाला मांडीवर घेऊन सुई टोचता येते. सज्ञान मुलाला तसे करता येत नाही आणि करूही नये. मग हातात उरते काय?

एका डॉलरचे औषध

प्रथम या औषधाचे मोल ध्यानात घेऊ. ज्या मधुमेहाला डॉक्टर ‘प्रकार १’ म्हणतात, त्यात स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी शरीराच्याच संरक्षक यंत्रणेकडून नष्ट होतात. यात मुलाचा दोष नसतो, आईच्या खाण्यापिण्याचा नसतो, की कोणाच्या पूर्वकर्माचाही नसतो. रक्तात साखर भरपूर असते, पण इन्शुलिनवाचून ती पेशींत शिरू शकत नाही. भरल्या कोठारापाशी माणूस उपाशी राहावा, तशी शरीराची अवस्था होते.

१९२१ पर्यंत या रोगावर इलाज नव्हता. त्या वर्षी कॅनडातील टोरांटो विद्यापीठात, प्राध्यापक मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत, फ्रेडरिक बॅन्टिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी इन्शुलिन वेगळे काढले. जेम्स कॉलिप यांनी ते शुद्ध केले. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले गेले. तो अर्क पुरेसा शुद्ध नव्हता, त्यामुळे गुण आला नाही. २३ जानेवारीला सुधारलेला अर्क दिला आणि मुलाच्या प्रकृतीला उतार पडला. १९२३ साली बॅन्टिंग आणि मॅक्लिऑड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या औषधाचे पेटंट विद्यापीठाला नाममात्र १ डॉलर घेऊन देण्यात आले. १४ नोव्हेंबर हा बॅन्टिंग यांचा जन्मदिवस, म्हणूनच तो जागतिक मधुमेह दिन.

१९२२ च्या ऑगस्टमध्ये एलिझाबेथ ह्यूज नावाच्या मुलीला तिच्या आईने टोरांटोला आणले. तिचे वडील अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते. तीन वर्षे केवळ अर्धपोटी ठेवून तिला जगविण्यात आले होते आणि पंधरा वर्षांच्या त्या मुलीचे वजन जेमतेम २० किलो उरले होते. इन्शुलिन मिळाल्यावर ती सुधारली, संसार केला आणि १९८१ साली वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी निवर्तली. मात्र आपला रोग तिने जन्मभर बहुतेकांपासून लपवून ठेवला. औषधाने आयुष्य मिळाले, तरी लपविण्याचे ओझे राहिले. आजच्या आपल्या विषयाचे बीज याच ओझ्यात आहे.

गैरवापराची नाना रूपे

‘गैरवापर’ हा शब्द मी सावधपणे वापरतो, कारण त्याच्या पोटी अनेक निरनिराळी दुःखे आहेत.

पहिले दुःख थकव्याचे. दिवसातून चार वेळा टोचणे, बोटातून रक्त काढणे, प्रत्येक घासाचा हिशेब करणे हे एक दिवसाचे काम नव्हे. त्यात रविवार नाही, दिवाळीची सुटी नाही. दहा वर्षांनंतर एखादा तरुण कंटाळून ‘आज नको’ म्हणतो. मग उद्याही नको म्हणतो.

दुसरे दुःख देहाच्या रूपाचे. रोग प्रथम कळतो तेव्हा वजन घटलेले असते. इन्शुलिन सुरू होताच ते भरून येते. त्यावरून पुष्कळ मुलामुलींच्या, विशेषतः मुलींच्या मनात ‘इन्शुलिनने माणूस सुटतो’ ही समजूत पक्की बसते आणि त्या मुद्दाम मात्रा चुकवू लागतात. अशा वेळी घटते ते केवळ मेद नसते. शरीरातील पाणी आणि स्नायूही झिजत असतात. हा आजार आहे, हट्ट नव्हे. त्याचा उपचार मधुमेहतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ या दोघांनी मिळून करावा लागतो.

तिसरे दुःख लोकलज्जेचे आणि ते आपणच निर्माण केलेले आहे. ‘लग्न जमेपर्यंत कोणाला सांगू नकोस’ असे आपण मुलीला बजावतो. ती सासरी जाते. तिथे सुई कुठे ठेवावी आणि कोणाच्या दृष्टीआड टोचावी, हे तिला कळत नाही. मग मात्रा चुकतात. एखादा मुलगा वसतिगृहात राहतो आणि खोलीतल्या सोबत्यांपुढे सुई काढायला लाजतो. येथील अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून चालू आहे. बाहेरगावची असंख्य मुले आजवर या गावात राहून शिकली, आजही शिकत आहेत. त्यांत मधुमेही मुलेही असणारच.

चौथे दुःख पैशाचे. हंगाम बुडाला की घरातली बाटली पुरवून पुरवून वापरली जाते. बापाच्या खिशाकडे पाहून मूल आपणहून मात्रा अर्धी करते आणि सांगत नाही.

पाचवे दुःख श्रद्धेच्या आडून येते. उपवास, नवस, कोणी सांगितलेली जडीबुटी यांच्या भरवशावर इन्शुलिन बंद केले जाते. श्रद्धेला माझा विरोध नाही. पण उपवास करावयाचाच असेल तर डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवून घ्यावी. प्रकार १ च्या मधुमेहात इन्शुलिनचा उपवास करता येत नाही.

आणि सहावे दुःख सर्वांत गंभीर. इन्शुलिन जसे जीव वाचविते तसे जास्त घेतल्यास जीव घेऊही शकते, हे प्रत्येक मधुमेही तरुण जाणतो. नैराश्याने ग्रासलेल्या मनाच्या हाताशी ते सदैव असते. सर्वसाधारण लोकांपेक्षा मधुमेही व्यक्तींत नैराश्याचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळते. म्हणून या शक्यतेकडे डोळेझाक करून चालणार नाही.

अमेरिकेतील बॉस्टन येथील जोस्लिन मधुमेह केंद्राने प्रकार १ चा मधुमेह असलेल्या २३४ स्त्रियांची ११ वर्षे पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. त्यांतील ३० टक्के स्त्रियांनी आपण गरजेपेक्षा कमी इन्शुलिन घेत असल्याचे सांगितले होते. अशा स्त्रियांत मृत्यूचा धोका इतरांच्या तिपटीहून अधिक आढळला. म्हणजे हा प्रकार विरळा नाही आणि किरकोळही नाही.

आमच्या घरी घडलेले

मुलगी शिक्षणासाठी बाहेरगावी राहू लागली त्यानंतरच्या वर्षाची ही गोष्ट. सुटीत घरी आली ती बारीक होऊन. नातेवाइकांनी कौतुक केले. ‘आता कशी छान दिसतेस’, असे म्हणणाऱ्यांत मीही होतो. तिच्या वहीतील साखरेचे आकडे उत्तम होते. पण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी केली, ती १२ च्या वर निघाली. वही आणि तपासणी यांचा मेळ बसेना.

मी सरकारी नोकर. माझ्या हाताला नोंदवहीची सवय. मी बाटल्या मोजू लागलो. १० मिलिलिटरच्या बाटलीत, दर मिलिलिटरला ४० युनिट या हिशेबाने, ४०० युनिट असतात. दिवसाला ४० युनिट लागत असतील तर बाटली दहा दिवसांत संपावयास हवी. आमच्याकडे ती महिना महिना पुरत होती. मी जाब विचारला. रागावलो. खर्चाचा हिशेबही ऐकविला, ज्याची आज मला लाज वाटते. पुढच्या महिन्यापासून बाटल्या बरोबर दहा दिवसांनी संपू लागल्या. मी समाधानी झालो. तपासणी मात्र सुधारली नाही. पुष्कळ दिवसांनी कळले की ती ठरलेले इन्शुलिन रोज पिचकारीत भरून मोरीत सोडून देत होती.

माझ्या हिशेबाने तिला एवढेच शिकविले होते.

त्या वर्षी पावसाळ्यात एका पहाटे तिला उलट्या सुरू झाल्या. पोट दुखते म्हणाली. आम्ही अपचन समजून सोडा दिला. दुपारपर्यंत श्वास खोल आणि भराभर चालू लागला, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येऊ लागला आणि ती गुंगीत गेली. चार दिवस ती अतिदक्षता विभागात होती. वाचली. तेथील एका डॉक्टरांनी शुद्धीवर येताच तिची कानउघाडणी केली, ‘आईबापाचा तरी विचार करायचा’. तिने मान भिंतीकडे वळविली. दुसरे एक वयस्क डॉक्टर संध्याकाळी आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, ‘रोज रोज टोचून घ्यायचं म्हणजे फार अवघड आहे. यातलं सगळ्यात अवघड तुला काय वाटतं?’ ती रडू लागली आणि तेथून पुढे बोलू लागली.

घरी आल्यावर एकदा ती मला म्हणाली, ‘बाबा, तुम्ही मला कधी ‘कशी आहेस’ विचारत नाही. ‘किती आली’ विचारता.’ दहा वर्षांत मी तिला हजारो वेळा साखर विचारली होती. ती कशी आहे हे विचारल्याचे मला आठवेना.

खुणा कोणत्या

पालकांनी कोणत्या खुणांकडे लक्ष द्यावे ते आता सांगतो. वजन विनाकारण घटणे, वारंवार लघवी आणि न भागणारी तहान, वहीतील आकडे चांगले पण एचबीए१सी वाढलेले, पुन्हा पुन्हा रुग्णालयात भरती, डॉक्टरांची भेट टाळणे, इतरांदेखत टोचण्यास किंवा जेवण्यास नकार, एकाएकी पुष्कळ खाणे व मग स्वतःचा तिरस्कार करणे, वजनाचा ध्यास. दुसऱ्या बाजूने वारंवार घाम, थरथर, गोंधळ, म्हणजे साखर उतरण्याचे प्रसंग, आणि त्यांचे कारण न सांगणे. यांपैकी एखादी खूण दिसली म्हणजे गैरवापर सिद्ध झाला असे नव्हे.

औषध बिघडल्यानेही साखर वाढते. आपल्या भागातील उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुष्कळ वर जातो. न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंश तापमानात, शीतकपाटात पण बर्फाच्या कप्प्याबाहेर ठेवावे. शीतकपाट नसल्यास दोन मडक्यांमध्ये ओली वाळू भरून आतल्या मडक्यात ठेवण्याची युक्ती उपयोगी पडते. तसेच ४० युनिटच्या बाटलीला ४० चीच पिचकारी आणि १०० युनिटच्या बाटलीला १०० चीच पिचकारी वापरली जाते ना, हे पाहावे. १०० च्या बाटलीतले औषध ४० च्या पिचकारीत खुणेबरहुकूम भरले तर मात्रा अडीचपट होते. मुलावर संशय घेण्यापूर्वी या साध्या गोष्टी तपासाव्यात.

तातडीचे दोन प्रसंग

पहिला प्रसंग इन्शुलिनच्या अभावाचा. उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास, फळासारखा वास, गुंगी ही लक्षणे दिसताच घरगुती उपाय करीत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि रुग्णालय गाठावे. आम्ही घालविलेले ते अर्ध्या दिवसाचे तास कोणी घालवू नयेत. आजारपणात जेवण जात नसले तरी इन्शुलिन आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांना विचारून मात्रा बदलावी.

दुसरा प्रसंग इन्शुलिन जास्त झाल्याचा. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली किंवा घाम, कंप, भूक, चिडचिड, असंबद्ध बोलणे दिसले आणि रुग्ण गिळू शकत असला, तर चहाचे ३ चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, कमीच असेल तर पुन्हा द्यावी आणि नंतर पोळी-भाकरीसारखे काही खावयास द्यावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात साखर, पाणी, काहीही घालू नये. कुशीवर वळवून ठेवावे व १०८ ला कळवावे.

जास्त इन्शुलिन मुद्दाम घेतले असल्याची नुसती शंका आली, तरी मूल चालते-बोलते असताना देखील त्वरित रुग्णालयात न्यावे. काही इन्शुलिनांचा परिणाम कित्येक तास टिकतो, म्हणून साखर एकदा बरोबर आली एवढ्यावर विसंबू नये. घरातील बाटल्या आणि पेन बरोबर न्यावेत, म्हणजे कोणते औषध घेतले हे डॉक्टरांना कळेल.

पहाऱ्याऐवजी सोबत

आता मुख्य प्रश्नाकडे वळतो. पहारा अपुरा पडतो हे मी अनुभवाने शिकलो. मग करावे काय? आमच्या घरी जे उपयोगी पडले ते सांगतो.

पहिली गोष्ट, विचारण्याची पद्धत बदलणे. ‘टोचलेस का?’ या प्रश्नाला होय किंवा नाही एवढेच उत्तर असते आणि भीतीपोटी ते नेहमी ‘होय’ असते. ‘आजचा दिवस जड गेला का?’ या प्रश्नाला खरे उत्तर मिळू शकते. खरे उत्तर मिळाले की रागवावयाचे नाही, हे आईवडिलांनी आधी आपसांत ठरवावे. ‘आज मी घेतलं नाही’ असे मूल आपणहून सांगते, त्या दिवशी घरात सुधारणेला प्रारंभ झाला असे समजावे.

दुसरी गोष्ट, लहान ध्येय. आमच्या डॉक्टरांनी एकदम सर्व आकडे सुधारण्याचा आग्रह धरला नाही. रात्री घ्यावयाचे, दीर्घकाळ टिकणारे इन्शुलिन तेवढे चुकवायचे नाही, इतकेच पहिले ठरले. तिच्या आईला रक्तदाबाची गोळी असते. ती गोळी आई रात्री नऊ वाजता, मुलगी इन्शुलिन घेई त्याच वेळी घेऊ लागली. कोणी कोणाला ‘घे’ म्हणत नसे. दोघी शेजारी बसत आणि आपापले औषध घेत. एका महिन्याने सकाळची मात्राही त्यात आली.

तिसरी गोष्ट, पूर्वसूचना. बराच काळ कमी इन्शुलिन घेतलेल्या व्यक्तीने ते पूर्ववत सुरू केले की अंगावर, पायांवर सूज येऊ शकते आणि वजन झपाट्याने वाढते. ही सूज बहुधा काही दिवसांत ओसरते. परंतु हे आधी ठाऊक नसेल तर मूल घाबरून पुन्हा मात्रा सोडते. साखर फार वेगाने खाली आणल्यास डोळ्यांचा विकार काही काळ बळावण्याचा आणि पायांच्या मज्जातंतूंच्या वेदना वाढण्याचा संभव असतो. म्हणून फेरसुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने व्हावी. आमच्या डॉक्टरांकडे वजन करताना मुलगी काट्याकडे पाठ करून उभी राही. आकडा डॉक्टर पाहत, तिला सांगत नसत. क्षुल्लक वाटणाऱ्या या गोष्टीने तिची दवाखान्याची धास्ती निम्म्याने कमी झाली.

चौथी गोष्ट, घरातील बोलणे. कोणाच्याही जाडेपणावर वा बारीकपणावर घरात शेरा मारावयाचा नाही, असा नियम आम्ही केला. त्याचा भंग सर्वाधिक वेळा मीच केला. खाण्यावरूनही मुलाला गुन्हेगार ठरवू नये. शेगावात राहून कचोरी खाल्ली म्हणून आभाळ कोसळत नाही. ती खाल्ल्यावर मात्रा कशी घ्यावी हे डॉक्टरांकडून शिकून घेता येते. चोरून खाल्लेल्या पदार्थासाठी मात्र कोणी इन्शुलिन घेत नाही, कारण घेतले तर चोरी उघड होते.

पाचवी गोष्ट, थेट प्रश्न. ‘जगणे नको असे तुला वाटते का? जीव देण्याचे विचार येतात का?’ हे शांतपणे, उघड विचारावे. विचारल्याने असा विचार मनात रुजतो ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने उलट मन मोकळे होते. उत्तर ‘होय’ आले तर मुलाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे. अशा काळात घरात साठा थोडा ठेवावा आणि उरलेला कोणाच्या ताब्यात असावा हे मुलाच्या सहमतीने, डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे. रोजचे इन्शुलिन कुलपात घालून बसू नये, कारण त्याच्या अभावानेही जीव जातो.

आणि सहावी गोष्ट, सीमा. सज्ञान मुलाची डॉक्टरांशी होणारी बोलणी ही त्याची खाजगी बाब आहे. आपण बाहेरच्या बाकावर बसावे आणि बोलाविले तरच आत जावे. मला हे फार कठीण गेले.

कायद्याचा आधार आणि शासकीय सोयी

मुलाने इन्शुलिन मुद्दाम जास्त घेतले हे रुग्णालयात सांगितले तर पोलिसांचे लचांड मागे लागेल, या भीतीने कित्येक कुटुंबे खरे कारण दडवितात. उपचारात त्यामुळे मोलाचा वेळ जातो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला उपचार व पुनर्वसन देणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंडविधानातील कलम ३०९ सारखे सरसकट कलम राहिलेले नाही. रुग्णालय आपली नोंद करील, त्याला भिऊ नये. डॉक्टरांना खरे तेच सांगावे. याच कायद्याने सज्ञान व्यक्तीला आपला प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार दिला आहे. मूल बरे असताना त्याच्याशी याविषयी बोलून ठेवावे.

आता सोयींविषयी. असंसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. त्याखाली शासकीय रुग्णालयांत मधुमेहाची तपासणी व उपचार यांची व्यवस्था असते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्याचा निर्णय झाला. तेव्हा पैशाअभावी मात्रा अर्धी करण्याची पाळी आली तर प्रथम येथील शासकीय रुग्णालयात चौकशी करावी. मानसोपचारासाठी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे साहाय्य घेता येते. अकोल्याला २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि २०२४ मध्ये बुलढाण्यासही ते सुरू झाले आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा किंवा रात्री, विनामूल्य, मराठीतून बोलता येते. मुलानेच दूरध्वनी करावा असे नाही. भांबावलेल्या पालकानेही करावा. एका रात्री दोन वाजता मी तो केलेला आहे.

स्वयंसेवी कार्याचीही आपल्या राज्याला परंपरा आहे. मुंबईत १९५५ साली मधुमेही संघटनेची स्थापना झाली. नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांच्या ड्रीम ट्रस्टने गरीब घरांतील मधुमेही मुलांना इन्शुलिन पुरविण्याचे काम उभे केले. छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. अर्चना सारडा यांच्या ‘उडान’ संस्थेने अशा मुलांना एकत्र आणले. आपल्यासारखी आणखी मुले आहेत हे पाहणे, हाही एक उपचारच आहे.

चांगल्या नियंत्रणाचे फळ किती मोठे असते याचा पुरावा उपलब्ध आहे. अमेरिका व कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात १,४४१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, काटेकोर नियंत्रणामुळे डोळ्यांच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी, मूत्रपिंडाच्या विकाराचा सुमारे निम्म्याने आणि मज्जातंतूंच्या विकाराचा सुमारे ६० टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. आपल्या खारपाणपट्ट्यातील गावांना मूत्रपिंडाच्या विकाराची ओळख नव्याने करून द्यावयास नको. उशिरा का होईना, नियंत्रणाकडे टाकलेले प्रत्येक पाऊल उपयोगी पडते, हे मुलाला अवश्य सांगावे. मात्र डोळे जातील, पाय जाईल अशा धमकीच्या रूपाने सांगू नये. ती भीती त्याने आपल्या आधीच हजार वेळा अनुभवलेली असते.

समारोप

मंडळी, माझी मुलगी पूर्ण बरी झाली असे सांगून मी टाळ्या घेणार नाही. मधुमेह जन्माचा सोबती आहे आणि जुनी सवयही परीक्षेच्या दिवसांत अधूनमधून डोके वर काढते. फरक इतकाच की, आता ती आम्हाला सांगते. गेल्या तपासणीत एचबीए१सी ८.१ होते. पुस्तकाच्या दृष्टीने ते अजून जास्तच आहे. आमच्या घरी त्या दिवशी शिरा झाला होता आणि तिने त्याची मात्राही घेतली होती.

दरवर्षी या गावातून श्रींची पालखी पंढरपूरला पायी निघते. आपणांपैकी पुष्कळांनी ती वाट चालली असेल. त्या वाटेवर कोणी कोणाच्या वाट्याची पावले टाकू शकत नाही. आई चालली म्हणून मुलाचे अंतर कमी होत नाही. तरीसुद्धा माणसे एकमेकांच्या सोबतीने चालतात. कोणाचा पाय दुखला तर थांबतात, पाणी देतात आणि पुन्हा निघतात. सज्ञान मधुमेही मुलाच्या आईवडिलांनी करावयाचे ते याहून फारसे वेगळे नाही. इन्शुलिन त्यालाच घ्यावे लागणार. आपण शेजारी असावे आणि शेजारी आहोत हे त्याला कळावे.

आज घरी गेल्यावर एकच करा. मुलाला साखर किती आली हे विचारण्याआधी, तू कसा आहेस, तू कशी आहेस, एवढे विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.